गुळगुळीत की फोमचा

या आजारपणात माझ्यावर ज्यांचे उपकार झाले, त्यांत पहिले नाव चाकणच्या इंदूबाईंचे आहे. त्यांच्या घरची कांद्याची आडत आहे. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत, पाटल्या-बांगड्या घालून दवाखान्यात येतात आणि डॉक्टरला तोंडावर शिवी देतात. दुसरे नाव डॉक्टरांचे लिहायला हवे, कारण गाठ त्यांनी वेळेवर काढली. ते मी विसरलेले नाही. पण त्यानंतरचे वागणे आठवले की त्यांचे नाव लिहावेसे वाटत नाही. तेव्हा त्यांना नुसते सर्जन म्हणते.

मी करमाळ्याला शिकले. वडील सडकेवर खडी फोडत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले आणि चिंचवडच्या एका कंपनीत तपासणी खात्यात लागले. मास्तर, साहेब, डॉक्टर दिसला की हात जोडायचे, हे आमच्या अंगात मुरलेले. त्यातले काही नमस्कार योग्य माणसांना झाले, नाहीतर माझे शिक्षणच झाले नसते. बरेच फुकट गेले. ज्या बाईला पुढे माझ्यासारखी निवड करावी लागेल तिच्यासाठी हे लिहिते आहे. तिने हात खुशाल जोडावेत, पण त्याआधी विचारायचे ते विचारून घ्यावे.

निकालाचा दिवस

गाठ मला अंघोळ करताना हाताला लागली, छातीत डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. पुण्याच्या दवाखान्यात तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी मी पदर सावरून खुर्चीत बसले, तर सर्जन म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा. मिस्टरांना आत पाठवा."

छाती माझी, गाठ माझी, आणि ऐकायला हे! माझे यजमान आमच्याच कंपनीत लेथवर आहेत. धिप्पाड माणूस. आत गेले ते ताठ, बाहेर आले ते वाकलेले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. थोडं ऑपरेशन आहे."

"थोडं म्हणजे किती?"

उत्तर देण्याऐवजी त्यांनी मला रसवंतीत नेले. घुंगरांच्या खुळखुळाटात, उसाचा रस पुढ्यात ठेवून, एकदाचे बोलले. "सगळंच काढणार म्हणतात गं." आणि रडायला लागले. मी त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, पाठीवर हात फिरवला, रसवाल्याला पैसे दिले. त्या गडबडीत माझे रडायचे राहून गेले.

वॉर्डातल्या दिवसांविषयी फार लिहीत नाही. बरगडीपाशी नळी, नळीला बाटली, बाटली हातात धरून संडासला जायचे. पहाटे ताप पाहायला सिस्टर यायच्या, त्या थर्मामीटर आधी स्वतःच्या तळव्यात धरून त्याचा गारठा घालवायच्या. एवढी माया त्या इमारतीत दुसऱ्या कोणी केल्याचे आठवत नाही. सर्जन राऊंडला आले की मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. न विचारता चादर खाली ओढायची, टाक्यांकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, टाका किती सुंदर बसलाय." शिंप्याने गिऱ्हाइकाला विसरून शिवणीचे कौतुक करावे तसे. मी छताकडे पाहत असे.

गाठ लवकर सापडल्यामुळे विजेचे शेक घ्यावे लागले नाहीत, हे मात्र नशीब.

बाजरीची पिशवी

घरी आल्यावर माणसे भेटायला आली. आजारी माणसाला भेटायला जाणे चांगलेच, पण काही माणसे बघायला येतात. त्यांची नजर पदरावर टेकायची, तिथून हलायची नाही. कोणी म्हणे, तिखट खाल्ल्याने होते. एक शिकलेल्या बाई म्हणाल्या, पॉलिएस्टरच्या साड्यांनी होते. स्वतः पॉलिएस्टर नेसून आल्या होत्या.

माझ्या थोरल्या नणंदेने, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, एक पिशवी शिवून दिली. आत बाजरी आणि वरून कापूस, म्हणजे वजनही येते आणि मऊही लागते. ती ब्लाउजात घालून मी कामावर रुजू झाले. मापाच्या टेबलावर वाकून एक भाग तपासत होते. सरळ उभी राहिले तर समोरचा सुपरवायझर एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. पिशवी गळ्याच्या हाडापर्यंत चढली होती. मी बाथरूममध्ये जाऊन ती खाली ओढली. दुपारपर्यंत सगळ्या खात्याला कळले होते. जेवणाच्या सुट्टीत बायका माझ्याशी फार प्रेमाने बोलल्या. ते प्रेम मला हसण्याहून जास्त लागले.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटले, सर्जन काढलेल्या छातीच्या जागी आत बसवायच्या गोळ्याचे काहीतरी बोलले होते, ते पुन्हा विचारायचे आहे.

आक्का तिथेच होत्या. "आता कुणाला दाखवायचंय वयनी? दोन पोरं झाली की."

"आक्का, तुमचे पुढचे दोन दात पडले तेव्हा कवळी बसवली ना? कुणाला दाखवायला?"

"ते खायला लागतात."

"मग फुटाणे खा की त्या कवळीने."

त्या रागावून दोन दिवस बोलल्या नाहीत. घरात बरीच शांतता होती.

जिला बसवायचा नाही तिने बसवू नये. बाजरीच्या पिशवीवर जन्म काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचे काही अडले नाही. पण मला हवा होता. मला टेबलावर वाकायचे होते आणि सरळ उभे राहायचे होते. एवढ्याशा इच्छेला नटवेपणा म्हणणाऱ्यांची मला आजही कीव येते.

टेबलावरचे दोन गोळे

सर्जननी खणातून दोन गोळे काढून टेबलावर ठेवले. परदेशातून आणलेला माल. पहिला गुळगुळीत, पारदर्शक पिशवीत घट्ट पाक भरावा तसा. हातात घेतला तर ओल्या साबणासारखा निसटत होता. दुसरा आतून तसाच, पण त्याच्या अंगावर फोमचा पातळ थर होता, पिवळट, खरखरीत, सोफ्याच्या उशीत असतो तसा.

"फरक काय?" मी विचारले.

"दोन्ही उत्तम. फोमचा नवीन आहे. मी तोच सुचवतो. कडक होत नाही."

"म्हणजे गुळगुळीत कडक होतो?"

"क्वचित. तुम्ही त्या तपशिलात पडू नका."

आमच्या खात्यात एक रिवाज आहे. बाहेरचा कारखानदार नव्या मालाचे नमुने घेऊन आला की चांगला नमुना आम्ही बाजूला ठेवतो आणि म्हणतो, नापास झालेला दाखव. चांगला नमुना कोणीही घासूनपुसून आणतो. माल कसा बिघडतो आणि कुठे बिघडतो ते नापास तुकडाच सांगतो. सवयीने माझ्या तोंडून गेले, "साहेब, बिघडलेला एखादा दाखवता का?"

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिले. "ही काय फॅक्टरी आहे? माझ्या हातचा बिघडत नाही."

आमच्याकडे असे म्हणणाऱ्या कारखानदाराला आम्ही गेटवरूनच परत पाठवतो. एक तर तो खोटे बोलतो, नाहीतर त्याने आपला माल कधी नीट पाहिलेला नसतो. पण सर्जनपुढे मी गप्प बसले.

त्यातून मी मोठी चूक करणार होते. आमच्या कंपनीत लोखंडावर रबर चिकटवून गाडीचे भाग बनवतात. गुळगुळीत लोखंडावर रबर धरत नाही, म्हणून लोखंड आधी खरखरीत करून घ्यावे लागते. रोज हेच पाहणारी मी घरी येताना ह्यांना मोठ्या ऐटीत म्हणाले, "फोमचाच घ्यायचा. खरखरीत पृष्ठभाग धरून ठेवतो."

"तू ठरव," हे म्हणाले. "पण डॉक्टर म्हणतात तेच ठरव."

किंकाळी

पुढच्या खेपेला मी बाकावर नंबराची वाट बघत होते. आतून एकदम बाईचा आवाज आला. "आई गं! सोड मेल्या!" मागोमाग किंकाळी. बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या चपला न्याहाळायला सुरुवात केली. थोड्या वेळाने दार उघडले आणि पदर दाताखाली धरून एक ठसठशीत बाई बाहेर आली.

"नारळ समजतो का काय मला!" ती दाराकडे बघून म्हणाली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"काय झालं?" मी विचारले.

"तुलाबी बसवायचाय?"

"हो. फोमचा म्हणतात."

"माझा गुळगुळीत. गुळगुळीत म्हनं! उखळ झालंय उखळ. आत गोळ्याभवती अंगच खोळ धरतं म्हनं, ती आवळती. मग ह्यो दोन्ही हातांनी दाबून ती खोळ फोडतो. मागंबी फोडली. पुन्ना तसंच."

"असं होईल हे आधी सांगितलं नव्हतं?"

"सांगतोय! कडक झालाय म्हनलं तर म्हनला, बाई, तुमच्या मनात हाय ते. मनात हाय तर छाती कशाला दाबतो रं भाड्या?"

म्हणजे सर्जनचा नापास माल होता. तो दर थोड्या दिवसांनी याच दारातून आत जात होता आणि रडत बाहेर येत होता. मी म्हटले, मला थोडे विचारायचे आहे. इंदूबाईंनी आजूबाजूला पाहिले. "हितं न्हाई. बाजाराच्या दिवशी चाकणला ये. मालक आडतीवर असत्यात."

चाकणला

एसटीतून उतरले तर कांद्याच्या गोण्यांतून वाट काढावी लागली. इंदूबाईंचे घर आडतीच्या मागेच. त्यांनी ओसरीवर बसवले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. मी सांगितले. चहा आला. त्यांचा स्टीलच्या पेल्यात, माझा कान तुटलेल्या कपात. मी अशा गोष्टी पाहत नाही असे दाखवते, पण पाहतेच. उठून जावे असे मनात आले. पण मला जे कळून घ्यायचे होते ते दुसरीकडे कुठे मिळणार नव्हते, म्हणून मी चहा तसाच ठेवून बसून राहिले.

इंदूबाईंनी माझ्या कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग मला आतल्या खोलीत नेले, कडी लावली, चोळीची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "लाव हात."

मी घुटमळले.

"अगं लाव. लाजायला काय झालं? तुझ्यासाठनंच काडलीय. दाब."

मी हात लावला. कातडीला थोडा गारवा होता. खाली गोल, टणक, वर चढलेला गोळा. त्याची कड बोटांना सरळ लागत होती. त्या सतरंजीवर आडव्या झाल्या. अंगचा भाग कुशीकडे ओघळला, बसवलेला होता तिथेच उभा राहिला.

"बघ," त्या म्हणाल्या. "निजलं की एक झोपतो आन् एक जागाच ऱ्हातो. त्या कुशीवर मला निजता येत न्हाई."

"पस्तावा होतो?"

त्या उठून बसल्या. "व्हय बी आन् न्हाई बी. लग्नाकार्यात जरीचं लुगडं नेसून हुबी ऱ्हाती तवा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पर मालकानं पैका टाकला, डाक्टरनं बसवला, आन् मला कुनी इचारलंच न्हाई. आधी सांगितलं असतं की बाई असं व्हतं, तर मी काय पळून गेले असते?"

निघताना त्यांनी गोणीतले कांदे पिशवीत भरून दिले. कपाविषयी त्याही बोलल्या नाहीत, मीही नाही. एसटीत बसल्यावर त्या कपाचा राग आला आणि त्या बंद खोलीची आठवणही आली. दोन्ही एकाच बाईचे होते. आजही मला त्यांतले एक खोडून दुसरे ठेवता आलेले नाही.

कसा निघतो

परत येताना वाटत होते, आता तर फोमचाच घ्यावा. गुळगुळीताचे उखळ झालेले मी पाहिले होते. पण दुसऱ्या दिवशी कामावर एक नापास झालेला भाग माझ्या हातात होता. रबर पक्के चिकटलेले होते, पण जागा चुकली होती. असे रबर लोखंडावरून सोलून निघत नाही. जाळावे नाहीतर खरवडावे लागते. तिथे मला थांबायला झाले. धरून ठेवतो हे खरे, पण सोडायची वेळ आली तर?

सर्जनकडे गेलो तेव्हा मी ह्यांना आधीच सांगून ठेवले होते, मी बोलत असताना मधे पडायचे नाही.

"गुळगुळीत गोळा काढायचा झाला तर कसा निघतो?"

"काप घेतला की निघतो. पण काढायचा कशाला?"

"आणि फोमचा?"

"अहो, तशी वेळच येत नाही."

"समजा पू झाला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मी खुर्चीतून हलले नाही. "खरवडावा लागतो," ते शेवटी म्हणाले. "मांस त्या फोममध्ये शिरलेलं असतं. थोडं तेही जातं."

"सगळा निघतो?"

"बहुतेक."

"वीस वर्षांनी त्या फोमचं आत काय होतं?"

"वीस वर्षं कुणी पाहिलीत?"

इतक्या भेटींत त्यांनी मोकळेपणाने दिलेले हे एकच उत्तर. मी आणखी विचारले, गोळ्यामागे पुन्हा गाठ आली तर कळेल का. म्हणाले, गोळा स्नायूच्या खाली बसवतात, वरचे हाताला लागते, पण तपासायला नेमाने यावे लागेल. दाबून खोळ फोडताना गोळाच फुटला तर? तसेही होऊ शकते, म्हणाले. म्हणजे सगळे त्यांना ठाऊक होते. फक्त मला सांगण्याच्या लायकीची ते समजत नव्हते.

मग ते नेहमीप्रमाणे ह्यांच्याकडे वळून हसले. "मिस्टर, बाईंना वकील करायचं होतं."

हे इतका वेळ टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "तपासणीत आहे ती, साहेब," ते म्हणाले. "माझाही माल परत पाठवते."

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण एवढे कौतुक त्यांनी कधी केले नव्हते.

मी गुळगुळीत सांगितला. कडक होईल, फोमपेक्षा लवकर होईल, हे धरून सांगितला. जे पुढे बिघडू शकते ते निदान सरळ बाहेर निघावे, एवढाच माझा हिशेब. फोमचा निवडणारी बाई मूर्ख आहे असे मी म्हणत नाही. तो मऊ राहिला तर तिचे बरोबर ठरेल. मात्र तिने निवडण्याआधी बिघडलेला पाहिलेला असावा. आणि "त्या तपशिलात पडू नका" असे कोणी म्हटले, तर तिथे नक्की पडावे.

ऑपरेशननंतर

ऑपरेशन नीट झाले. पिशवीतली बाजरी मी चिमण्यांना टाकली. आक्का म्हणाल्या, "बरं दिसतंय वयनी," आणि लगेच तोंड फिरवले, कारण चांगले बोलण्याची त्यांना सवय नाही. टेबलावर वाकते, सरळ उभी राहते, कोणी खिडकीबाहेर बघत नाही. काही महिन्यांनी कडकपणा जाणवू लागला. त्यानंतर दवाखान्यात जे झाले ते इंदूबाईंना कळवले, ते पत्र इथे देते.

ती. सौ. इंदूबाई यांस,

सप्रेम जयभीम. उत्तरात तुम्ही रामराम लिहिलात तरी मला चालेल.

अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे, म्हणजे कोणाला वाचायला सांगावे लागणार नाही.

माझाही कडक झाला. तुमच्याएवढा नाही. तुमचे उखळ, माझा कच्चा पेरू. सोमवारी डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवले आणि स्वतःच्या बाह्या वर सारल्या. मी विचारले, काय करणार? म्हणाले, क्षणभर दुखेल, ओरडायचे नाही. मी उठून बसले, बटणे लावली आणि नको म्हणाले. डॉक्टरला नको म्हणण्याची माझी पहिलीच वेळ. ते म्हणाले, मग कडकच राहील. मी म्हटले, राहू दे, कडक कसा असतो ते मी पाहिले आहे. तुम्ही त्या दिवशी दाखवले नसते, तर मी मुकाट्याने पडून राहिले असते.

तुम्हीही आता दाबून घ्यायला जाऊ नका. त्यात आतली पिशवी फुटू शकते, हे मी त्यांच्याच तोंडून वदवून घेतले आहे. फारच त्रास झाला तर काप घेऊन काढता येतो. तुमचा गुळगुळीत आहे, सरळ निघेल. ठेवायचा की काढायचा ते तुम्ही ठरवा, मालकांनी नाही. काढायचा ठरला तर दोन ओळी टाका. मी रजा काढून येईन आणि तुमच्या उशाशी उभी राहीन. मला बाहेर काढायला त्यांना चार माणसे लागतील.

तोवर एक करून बघा. तुमचा उजव्या बाजूला आहे, म्हणून डाव्या कुशीवर निजा आणि चादरीची जाड घडी छातीपाशी धरा, म्हणजे वरचा भार तिच्यावर येतो. मला त्याने झोप लागते.

तुमची,
सुमन